पाल्कचा उथळ समुद्र आणि पाणबुड्यांचा चुंबकीय माग

तंजावूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ उभारलेला ‘मनोरा’ आहे. त्याच्यासमोरचा पाल्कचा उपसागर इतका उथळ आहे की, अरबी समुद्रातून बंगालच्या उपसागरात जाणाऱ्या पाणबुडीला श्रीलंकेला वळसा घालावाच लागतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या सेतुसमुद्रम प्रकल्पात १२ मीटर खोलीचा मार्ग नियोजित होता. तो पूर्ण झाला असता, तरी त्यातून पाणबुडीला बुडून जाता आले नसते. ही नैसर्गिक तटबंदीच म्हणावी लागेल. मात्र २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबो बंदरात दोनदा थांबली, ती या तटबंदीच्या पलीकडच्या बाजूने.

सर्वच उथळ समुद्र असे संरक्षण देत नाहीत. पाणबुडी लपू शकेल एवढी खोली असली, तर ते अधिक धोकादायक ठरतात. तळावरून परतणारे प्रतिध्वनी, मासेमारी नौकांचा गोंगाट आणि पाण्याच्या तापमानातील फरक यांमुळे सोनार यंत्रणा फसते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक प्राणास मुकले.

येथे चुंबकीय शोधाचा उपयोग होतो. पोलादी पाणबुडीमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म बदल होतो. दक्षिण भारतात हे क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला असते. पाणबुडीमुळे पडणारा फरक काही शे मीटरवर जेमतेम काही नॅनोटेस्लाचा. अंतर दुप्पट झाले की तो एक अष्टमांश उरतो. म्हणून विमानाला समुद्रपृष्ठालगत उडावे लागते. उथळ पाण्यात पाणबुडीला खोल दडी मारता येत नाही, हा शोधकाचा फायदा; बुडालेल्या जहाजांचे सांगाडेही तसाच संकेत देतात, ही अडचण. (अशी मोजमापे किती नाजूक असतात, हे मुंबईने पूर्वीच अनुभवले आहे. विजेच्या ट्राममुळे कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली.)

अरक्कोणम येथील ‘पी-८आय’ विमानांवर भारताने हा शोधक आग्रहाने बसवून घेतला. अमेरिकेच्या स्वतःच्या ‘पी-८ए’ विमानांवर तो नाही. उथळ पाण्यासाठी १६ पाणबुडीविरोधी नौकांची योजना असून, वसईजवळच्या किल्ल्याचे नाव धारण करणारी ‘अर्नाळा’ १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे ताफ्यात दाखल झाली. तंजावूरच्या हवाई तळावर २०२० पासून ब्राह्मोसधारी सुखोई विमाने आहेत. ती मोठ्या युद्धनौकांना दूर रोखू शकतात; पाण्याखालच्या पाणबुडीवर मात्र ब्राह्मोस चालत नाही.