शंभर तापांत डेंग्यू किती?

धानाची रोवणी आटोपते, बांध्यांत पाणी साचून राहते आणि गोंदिया जिल्ह्यात तापाचे दिवस सुरू होतात. सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे रांगा लागतात आणि 'जिल्ह्यात डेंग्यूचे इतके रुग्ण' ही बातमी येते. आकडा मोठा असला तर घबराट, लहान असला तर निर्धास्तपणा, ही आता दरवर्षीची रीत झाली आहे. परंतु तापाच्या किती रुग्णांची तपासणी केल्यानंतर हा आकडा हाती आला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

समजा, एका तालुक्यात तापाच्या शंभर रुग्णांचे रक्त तपासले आणि चाळीसांत डेंग्यू आढळला. दुसऱ्या तालुक्यात हजार तपासले आणि तेथेही चाळीसच आढळले. बातमीत दोन्ही तालुके सारखे दिसतील. प्रत्यक्षात पहिल्यात साथ भडकलेली आहे, दुसऱ्यात तापाचे कारण बहुतांशी वेगळेच आहे. तिसऱ्या तालुक्यात तपासणीच झाली नाही, तर तो कागदोपत्री निरोगी ठरेल. छेदाशिवाय अंशाला अर्थ नसतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे; सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत मात्र त्याचा विसर पडतो.

हिवतापाच्या बाबतीत असे घडले नव्हते. 1953 साली देशात हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, 1958 मध्ये तिचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरून तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेई. किती काचपट्ट्या तपासल्या आणि शेकडा किती दूषित निघाल्या, याची नोंद हा त्या कार्यक्रमाचा कणाच होता. डेंग्यूच्या राष्ट्रीय तक्त्यात मात्र ठळकपणे दिसतात ते केवळ रुग्ण आणि मृत्यू. 2023 साली देशात 2,89,235 रुग्ण व 485 मृत्यू नोंदले गेले. किती तापांमधून एवढे रुग्ण निघाले, ते या दोन आकड्यांवरून कळत नाही.

नोंद आणि वास्तव यांतील अंतर किती असू शकते, याचा एक अंदाज 2014 साली प्रसिद्ध झाला. 2006 ते 2012 या काळात देशात वर्षाला सरासरी सुमारे 20 हजार रुग्ण नोंदले जात होते; संशोधकांच्या मते प्रत्यक्षातील आजारी माणसे 57 लाखांहून अधिक होती. 2017-18 मध्ये पंधरा राज्यांत झालेल्या रक्तपाहणीत 5 ते 45 वयोगटातील जवळजवळ निम्म्या लोकांना डेंग्यूचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसावा, कारण या संसर्गाची बहुसंख्य प्रकरणे लक्षणांवाचूनच जातात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. देशातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये घेण्यात आला. डेंग्यूचा संशय असलेल्या रुग्णांपैकी शेकडा 38 जणांतच तो प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याचे त्यातून दिसले. म्हणजे संशयितांतही निम्म्याहून अधिक रुग्णांचा डेंग्यू सिद्ध होत नाही. मग त्यांना झाले होते तरी काय?

गोंदियात हा प्रश्न पुस्तकी नाही. देवरी, सालेकशाच्या जंगलपट्ट्यात हिवताप जुनाच आहे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर व पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. झुडपांत, गवतात राहणाऱ्या सूक्ष्म कीटकाच्या चाव्याने होणारा हा ताप डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. विलंब झाल्यास जिवावर बेततो. चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतोच. या सर्व आजारांत रक्तातील प्लेटलेट घटू शकतात. तेव्हा प्लेटलेट कमी दिसताच 'डेंग्यू' म्हणून मोकळे होणे, म्हणजे औषध असलेल्या आजाराला औषध नसलेल्या आजाराचे नाव देणे होय. डेंग्यूच्या विषाणूवर आजही खास औषध नाही.

उलट, प्रत्येक तापाला हिवताप वा साधा ताप समजणेही तेवढेच घातक. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होतो. तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण थकवा ही लक्षणे त्याच सुमारास दिसतात. आणि ताप उतरला म्हणून मजूर बांधीवर परततो तोही त्याच दिवशी. दूरच्या खेड्यातून गोंदिया गाठणे व तेथून सुमारे 130 किलोमीटरवरील नागपूर गाठणे, यात मोलाचे तास जातात.

तपासणीलाही काळवेळ असते. एनएस-1 ही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी. प्रतिपिंडांची आयजीएम चाचणी त्यानंतर. आठव्या दिवशी आलेल्या रुग्णाची केवळ पहिली चाचणी करून 'डेंग्यू नाही' असे सांगणे ही दिशाभूल आहे. आयजीएम प्रतिपिंडे दोन-तीन महिने टिकतात. म्हणून ती आढळली तरी आजचा ताप त्याचाच असेल, असेही नाही. ताप कितव्या दिवशीचा, याची नोंद नसलेला अहवाल अर्धाच होय.

प्रत्येक तापाची प्रत्येक चाचणी शासनाला परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याची गरजही नाही. प्रत्येक तालुक्यातील एक-दोन आरोग्य केंद्रे निवडून तेथील दर दहाव्या तापाच्या रुग्णाचा नमुना बारमाही घेतला आणि डेंग्यू, हिवताप व स्क्रब टायफस या तिन्हींसाठी तपासला, तर जिल्ह्याचे खरे चित्र स्पष्ट होईल. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. असे काम त्याने हाती घ्यावे आणि 'इतक्या तापांत इतके डेंग्यू' असा तक्ता दर आठवड्यास जाहीर व्हावा.

रांजण, टाकी आणि कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करणे हे नागरिकांचे कर्तव्य आहेच. डास अंड्यातून बाहेर पडून उडू लागण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. पण नागरिकांनी आणखी एक सवय लावून घेतली पाहिजे. आकडा समोर आला की 'किती तापांपैकी?' असे विचारण्याची. हा प्रश्न शाळेत, कचेरीत आणि ग्रामसभेत विचारला जाऊ लागेल, तेव्हाच त्याचे उत्तर ठेवणे प्रशासनास भाग पडेल.