किती पडले?

टेस्टचे पेपर वर्गात वाटले की हॉस्टेलवर पोचेपर्यंत एकच प्रश्न दहा वेळा कानावर पडतो, "काय रे, किती पडले?" "कुठे चुकलं?" असं मात्र कुणी विचारत नाही. विचारून करायचंय काय? मार्क रजिस्टरमध्ये चढलेले, सर पुढच्या युनिटवर गेलेले!

माझीच गोष्ट सांगतो. सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या टेस्टमध्ये मला वीसपैकी सात पडले. बीमवर यूडीएल, म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला भार होता. मी तो सगळा भार मधोमध एकाच ठिकाणी धरला. दोन्ही टेकूंच्या रिअ‍ॅक्शन्स बरोबर आल्या, त्यामुळे आपली रीत बरोबर अशी माझी खात्रीच! पण बेंडिंग मोमेंट डब्ल्यूएल वर्ग भागिले आठ यायच्या जागी भागिले चार आला. बरोब्बर दुप्पट. पेपरवर एक लाल फुली, बाकी काही नाही. मला वाटलं, सूत्र पाठ नव्हतं. मग सूत्र घोकलं. युनिव्हर्सिटीच्या पेपरात भार बीमच्या अर्ध्याच भागावर होता. सूत्र कामाला आलं नाही, मी पुन्हा तीच चूक केली आणि केटी लागली.

केटीचा अभ्यास करताना शेजारच्या रूममधल्या सीनियरने माझी वही बघितली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "रिअ‍ॅक्शन काढताना भार एकत्र धर. पण मोमेंट काढताना जिथे बीम कापतोस, तिथपर्यंतचाच भार घ्यायचा." बस्स! हे एक वाक्य त्या लाल फुलीशेजारी असतं तर?

शाळेत आपण 'आकारिक' आणि 'संकलित' मूल्यमापन हे शब्द ऐकले आहेत. मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ साली हा फरक मांडला. आपल्या भाषेत सांगायचं तर, भाजी शिजत असताना मेसच्या आचाऱ्याने चव घेतली, तर मीठ घालता येतं. तीच भाजी ताटात आल्यावर आपण फक्त नावं ठेवतो! पहिलं आकारिक, दुसरं संकलित. आपल्या इंटर्नल टेस्ट नावाला पहिल्या प्रकारच्या, पण वागणूक सगळी दुसऱ्या प्रकारची.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली सुमारे अडीचशे अभ्यास तपासले आणि असं शिकता शिकता केलेलं मूल्यमापन विद्यार्थ्यांची प्रगती खरोखर वाढवतं, असा निष्कर्ष काढला. त्याआधी, १९८८ साली, रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त मार्क, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे गेली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही! का, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आकडा दिसला की शेरा वाचतो कोण?

सर-मॅडम म्हणतील, सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाला शेरा कसा लिहायचा? सिलॅबस कोण संपवणार? अडचण खरी आहे. पण दर वेळी सत्तर शेरे लागतच नाहीत. लेक्चर संपताना पाच मिनिटं एकच छोटं गणित द्यावं, चिठ्ठीवर नाव न घालता सोडवून घ्यावं. चिठ्ठ्या नुसत्या चाळल्या तरी वर्ग कुठे अडलाय ते कळेल, कारण चुका सत्तर प्रकारच्या नसतात, तीन-चारच असतात. दुसऱ्या दिवशी सुरुवात तिथून करावी. हार्वर्डचे एरिक माझुर फिजिक्सच्या मोठ्या वर्गात १९९१ पासून अशाच वाटेने गेले. प्रश्न टाकायचा, मुलांची उत्तरं घ्यायची, मग शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून पुन्हा उत्तरं घ्यायची. शेजाऱ्याला समजावताना समजावणाऱ्यालाही कळतं, हे पीएलमध्ये रात्र रात्र जागणाऱ्या आपल्याला ठाऊक आहेच.

एक अट मात्र हवी. या चिठ्ठीचे मार्क टर्म वर्कमध्ये धरायचे नाहीत. मार्क आले की शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावणं आलं, आणि मग जर्नलचं जे होतं तेच हिचंही होणार. चूक लपवावीशी वाटली की ती दुरुस्त कशी व्हायची?

आणि आपण काय करायचं? पुढच्या टेस्टचा पेपर हातात आला की आकडा बघून घडी घालू नका. जिथे फुली आहे ते पान घेऊन सरांकडे जा, नाहीतर शेजारच्या रूममध्ये जा. माझं दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केटी लागल्यावर केलं. बैल गेला नि झोपा केला! तुम्ही तरी तसं करू नका.