पाणी घेतलं, दवाखाना राहिला

महाडचा दिवस आला की आपण सगळे निघतो. ट्रकमधून, एसटीतून, मिळेल त्या गाडीने. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळ भरतो, डोळे भरून येतात. यायलाच पाहिजेत. पण दोस्तांनो, ज्या ठरावाचा हक्क बजावायला बाबासाहेब त्या तळ्यावर गेले, तो ठराव आपल्यापैकी कितीजणांना पुरता ठाऊक आहे?

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, सरकारच्या किंवा कायद्याने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण ठराव तिथे थांबत नाही. सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने, हेही त्यात आहे. होय, दवाखाने. पाणी आणि औषध एकाच ठरावात होतं.

पाणी आपण घेतलं. दवाखान्याच्या खिडकीपुढे मात्र अजून हात जोडून उभे आहोत.

हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. माझ्या आईला शुगर आहे, बी.पी. आहे. दर महिन्याला पालिकेच्या दवाखान्यात लाईन लावते. एकदा मी खाडा करून तिच्याबरोबर गेलो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. केस पेपर काढला, दोन तास उभे राहिलो. डॉक्टरने मान वर न करता चिठ्ठी खरडली. औषधाच्या खिडकीवरचा माणूस बोलला, "ही गोळी नाय. बाहेरून घ्या."

"कधी येणार?"

"वरून आली की."

"किती दिवस झाले नाय?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काय मी त्याची जात विचारली. आई माझी बाही ओढत होती. "चल रे बाबा, भांडू नको. पुढच्या महिन्याला परत इथंच यायचंय मला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बोललं तर पुढच्या वेळी काय होईल, ही भीती शुगरपेक्षा जुनी आहे. माझा आजा ज्या भीतीने पाटलाच्या वाड्यापुढे उभा राहायचा, तीच भीती आई पिशवीत रिकाम्या डबीबरोबर घेऊन येते. दवाखान्याच्या दारावर आता कुणी जात विचारत नाही, मान्य. पण गोळी का नाही, हे विचारायची हिंमत होत नसेल तर दार उघडं असून उपयोग काय?

आता गोदीतली गोष्ट सांगतो, कारण मला हिशेब तिथंच कळला. बोटीतून माल उतरतो तेव्हा दोन माणसं मोजतात. एक बोटीच्या बाजूचा, एक धक्क्याच्या बाजूचा. पाळी संपली की दोघांच्या टॅल्या लावून बघतात. जमल्या तर सही. नाही जमल्या तर तिथल्या तिथे बोंबाबोंब. बोटवाला सज्जन आहे, त्याच्या एकट्याच्या मोजणीवर चालवून घ्या, असं कुणी म्हणत नाही. डाळीच्या गोणीला एवढी इज्जत आहे. माझ्या आईच्या गोळीला नाही.

आपल्या आरोग्याची टॅली कोण ठेवतं? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात कलम ६१ आहे. पालिकेने जी कामं केलीच पाहिजेत ती त्यात दिली आहेत. दवाखाने आणि इस्पितळं चालवणं हे त्यातलं एक. म्हणजे ती मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे. आणि हे कर्तव्य आयुक्ताचं खातं नीट करतंय की नाही हे बघायला सभागृह, आरोग्य समिती, प्रभाग समिती. बोटीची टॅली प्रशासनाची, धक्क्याची टॅली निवडून दिलेल्या माणसांची. कागदावर तरी अशीच वाटणी आहे.

आणि झालं काय? ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबत गेली. आयुक्तच प्रशासक झाला. सभागृहाचे, समित्यांचे अधिकार एका खुर्चीत गेले. अंदाजपत्रक प्रशासनाने मांडायचं आणि प्रशासकानेच मंजूर करायचं. मोजणारा तोच, सही करणारा तोच. नव्या सभागृहासाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं या एवढ्या मोठ्या शहराच्या दवाखान्यांची दुसरी टॅलीच नव्हती.

त्याच काळात, २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला. पोरं गेली. गोवर! ज्याची लस कित्येक वर्षांपासून फुकट मिळते तो रोग. कोरोनात लसीकरण मागे पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुठल्या गल्लीत किती पोरं राहिली, सेविकांच्या किती जागा रिकाम्या, हे सभागृहात उभं राहून विचारणारा एकही नगरसेवक तेव्हा अधिकारावर नव्हता. असता तर पोरं वाचली असती, असं मी म्हणत नाही. निदान जाब विचारायची जागा तरी असती.

इथं काही मित्र म्हणतील, नगरसेवक होते तेव्हा कोणते दिवे लावले? खरं आहे. मी त्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. दवाखान्याची फीत कापतात, बोर्डावर फोटो लावतात, आत गोळी आहे का ते बघत नाहीत. आपल्या राखीव जागेवरून गेलेलाही पक्षाच्या तोंडाकडे बघून हात वर करतो. निळा गमछा घालून जयंतीला येतो, दवाखान्याच्या लाईनीत कधी दिसत नाही. त्याला आजार झाला तर तो खाजगीत जातो. ज्याला स्वतःला त्या खिडकीवर उभं राहायचं नाही तो त्या खिडकीवर काय देखरेख ठेवणार?

पण म्हणून सभागृहच नको, हा धडा घेऊ नका. गोदीला लागून असलेल्या मांडवीत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हा डॉक्टर महापालिकेचा सदस्यही होता. रोग्याच्या खोलीत शिरणारा माणूस सभागृहात बसत होता. आपल्याला तसाच माणूस पाहिजे. आणि तो नुसता निवडून देऊन तयार होत नाही, त्याच्या मागे वस्तीची वही लागते.

मग करायचं काय? मोर्चा काढूच. पण मोर्चा एक दिवसाचा आणि शुगर रोजची. म्हणून रोजचं काम सांगतो.

पहिलं, प्रत्येक वस्तीत एक वही. दवाखान्यात कोण गेलं, कोणत्या तारखेला, डॉक्टर होता का, कोणती गोळी बाहेरून आणायला सांगितली, खिशातले किती गेले. शंभर पानी वही पुरे. दहावी शिकलेली पोरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, कविता लिहिणारीही पुष्कळ आहेत. कवितेआधी ही वही लिहा.

दुसरं, त्यांची टॅली मागा. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. साठ्याचं रजिस्टर, हजेरीचं रजिस्टर स्वतः जाऊन तपासायचा हक्कही त्यात आहे. दोन्ही टॅल्या समोरासमोर ठेवा. जिथे जमत नाहीत तिथे बोंब मारा, पण तारखेसकट.

तिसरं, प्रभाग समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर ती आली. पालिकेच्या कायद्यात तिच्यावर वॉर्डात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घ्यायची तरतूद आहे. या जागा कुणाला मिळतात ते आपण कधी विचारलं? त्यातल्या एका जागेवर लाईनीत उभी राहणारी बाई पाहिजे. माझ्या आईसारखी. तिला कायद्याची भाषा येत नसेल, पण गोळी कधीपासून नाही हे तिला बरोब्बर माहीत आहे.

चौथं, जनसुनवाई. हे काही मी आकाशातून आणलेलं नाही. महाराष्ट्रातच २००७ पासून खेड्यापाड्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. नंदुरबार, अमरावतीच्या आदिवासी बायांनी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरलं, अधिकाऱ्यांना मंडपात बसवून जाब विचारला. त्या बायांना जमलं ते शहरातल्या शिकलेल्या पोरांना का जमू नये?

आणि एक गोष्ट नीट ऐका. ही वही घेऊन आरोग्य सेविकेच्या अंगावर धावून जाऊ नका. ती आपल्याच वस्तीतली बाई आहे. दारोदार फिरते, पोरांना डोस द्यायला लावते, टीबीवाल्याला शोधून काढते. तिला कामगार म्हणायच्या ऐवजी स्वयंसेविका म्हणून मानधनावर राबवलं गेलं. वॉर्डातली घाण उपसणारा कंत्राटी सफाईवाला कोण असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वरचे लोक आपल्याला या माणसांशी भांडायला लावतात आणि स्वतः मोकळे राहतात. सेविकेला विचारा, तुझ्याकडे काय नाही, कुणी दिलं नाही. तिचं उत्तरही वहीत लिहा. ती आपल्या बाजूची टॅली आहे.

शेवटी परत महाड. बोले ठरावानंतर १९२४ साली महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी प्यायलं तेव्हा त्यात जीव आला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! लक्षात ठेवा, जी पालिका देते तीच पालिका काढून घेते. मग डिसेंबरचा सत्याग्रह, मग कोर्ट, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं. बाबासाहेब एक दिवस पाणी पिऊन घरी बसले नाहीत, कागद घेऊन दहा वर्षं लढले.

२० मार्च २०२७ ही त्या ओंजळीची शंभरावी तारीख. त्या दिवशी महाडला जरूर जायचं. पण त्याच ठरावातला उरलेला शब्द बरोबर घेऊन जायचं. वही भरलेली असली पाहिजे.

मी पुढच्या महिन्यात परत खाडा करणार आहे. आईबरोबर त्याच लाईनीत उभा राहणार आहे. या वेळी माझ्याकडे वही असेल, आणि तिनं माझी बाही ओढली तरी मी विचारणार आहे: किती दिवस नाय?

जयभीम.