दोन खांबांमधले अंतर



मागील अंकातील पायी चालण्याविषयीचा लेख वाचून काही वाचकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. मोठ्या आजारातून उठल्यावर पुन्हा धावता येते काय, आणि येत असल्यास आरंभ कसा करावा? उत्तरापूर्वी एक कबुली देणे मला भाग आहे. या विषयावर मी पूर्वीही अनेकांना सल्ले दिले. परंतु ते देणारा मनुष्य तोवर कधी आजारी पडलेला नव्हता.

सांगलीत आमची हळदीची अडत. गादीवर बसून दिवस जाणारा हा व्यवसाय. चाळिशीत पोट सुटले तेव्हा धावू लागलो आणि आठ-नऊ वर्षांत एकवीस किलोमीटरचे अंतर दोन तासांच्या आत तोडण्यापर्यंत मजल गेली. मग आमराईत सकाळी नवख्यांना शिकवू लागलो. शिकवणे म्हणजे काय, तर स्वतः पुढे धावायचे आणि मागे वळून मोठ्याने सांगायचे, ‘चला, थांबू नका.’

एकदा बाजारपेठेतील एका भुसार व्यापाऱ्यांच्या पत्नी आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. पहिली फेरी अर्धी होण्याआधीच त्यांना धाप लागली आणि त्या झाडाला हात टेकून उभ्या राहिल्या. मी दुरून म्हणालो, ‘वहिनी, पाय थकत नाहीत, मन थकते. मनाची तयारी करून या.’ सारे वळून पाहू लागले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, मुकाट्याने चालल्या. तिसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. त्या येत नाहीत, हेसुद्धा माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे एका दिवाळीनंतर मला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. कोरडा खोकला, रात्रीचा घाम, दीर्घ श्वास घेताना बरगडीत कळ. वजन नऊ किलोंनी उतरले. तपासणीत उजव्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाल्याचे दिसले आणि त्याचे कारण क्षय असल्याचे निष्पन्न झाले. सहा महिन्यांचे औषध सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. माझ्या प्रकारच्या क्षयाचा इतरांना संसर्ग होण्याचा संभव फार थोडा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही पेढीवर आणि नात्यागोत्यात आम्ही ‘टायफॉइड’ असेच सांगितले. मुलीच्या विवाहाची बोलणी चालू होती. क्षय हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ नये, एवढीच सर्वांची इच्छा होती.

उपचार पूर्ण झाले, छातीचे चित्र समाधानकारक आले आणि डॉक्टरांनी हळूहळू व्यायामास अनुमती दिली. दुसऱ्याच पहाटे मी बूट घातले. दारासमोरच्या विजेच्या खांबापासून धावू लागलो आणि पुढचा खांब येण्यापूर्वी थांबलो. श्वास गळ्याशी अडकला, मांड्या कापू लागल्या. दुधाचे कॅन सायकलला लावून जाणाऱ्या मुलाने विचारले, ‘काका, पाणी देऊ का?’ मला पाण्यापेक्षा काळोख हवा होता. पुढील पंधरा दिवस मी आमराईकडे फिरकलोच नाही. कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून मार्केट यार्डामागच्या रस्त्याला जात असे. त्या रस्त्यावर एके दिवशी एका झाडाला हात टेकून उभा असताना मला त्या वहिनी आठवल्या. माझे मन तर पूर्ण तयार होते. थकले होते ते पायच.

तेव्हा मी माझीच शिकवण बाजूला ठेवून नव्याने शिकू लागलो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी नवख्यांसाठी धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्याची रीत रूढ केली. दम लागल्यावर नाइलाजाने चालावयाचे, असे त्यात नाही. दम लागण्याआधीच, ठरल्या वेळी चालावयाचे. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने आपल्या पन्नाशीतल्या आईला समोर ठेवून नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरपर्यंत नेणारा क्रम आखला. आज जगभर असंख्य लोक त्याच क्रमाने पहिले पाऊल टाकतात. दोन्हींचे मर्म एकच. आरंभ इतका सोपा असावा की दुसऱ्या दिवशी पुन्हा यावेसे वाटेल.

यामागे शरीरशास्त्रही आहे. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारू लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र रक्तपुरवठा कमी असतो. त्या आणि हाडे बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून श्वास साथ देऊ लागला की मनुष्य उत्साहाने अंतर वाढवतो आणि नेमक्या त्याच वेळी टाच, नडगी किंवा गुडघा दुखावतो. व्यापाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. गल्ल्यात रोकड दिसली म्हणून ती सारी खर्चायची नसते. देणी अजून फिटायची असतात.

एका संध्याकाळी मी त्या वहिनींच्या दुकानी गेलो. तांदळाचा भाव विचारला आणि मग मुख्य विषयावर आलो. म्हणालो, ‘त्या दिवशी मी चुकीचे बोललो. मला आता एक मिनिट धावता येते. तुम्ही याल का?’ त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही काय बोललात ते मी कधीच विसरले. पण सगळे वळून बघत होते, ते विसरता आले नाही.’

‘कसला आजार झाला होता?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रथमच घराबाहेर मी खरे नाव उच्चारले. त्या किंचित हसल्या. म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाईंनाही झाला होता. आम्हीही टायफॉइडच सांगितला होता.’

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे आणि माझी पत्नी असे तिघे निघालो. एक मिनिट सावकाश धावणे, दोन मिनिटे चालणे. अशा आठ आवृत्त्या, आठवड्यातून तीन दिवस. पुढे धावण्याचा काळ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाढवला. ज्या आठवड्यात जड वाटले, तो आठवडा पुन्हा केला. वेग ठरवण्याचे परिमाण एकच होते. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की वेग अधिक झाला असे समजावे. वहिनी बाजारभाव सांगत धावत. भाव सांगता सांगता थांबल्या की आम्ही तिघेही चालू लागत असू.

आजारातून उठलेल्या वाचकांनी पुढील गोष्टी अवश्य पाळाव्यात. औषधाचा क्रम पूर्ण करावा आणि डॉक्टरांच्या अनुमतीवाचून धावू नये. आधी सलग अर्धा तास चालणे सुखाने जमले पाहिजे. अंगात ताप असताना, मग तो थोडा का असेना, धावणे वर्ज्य. सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहून ठेवावी. नेहमीपेक्षा मिनिटाला दहा ठोके अधिक भरले तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. छातीत दुखणे, भोवळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काही घडल्यास तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, त्यामुळे पहाटेपर्यंत अकरा-बारा तास पोट रिकामे असते. अर्ध्या तासाच्या सावकाश धावण्यास निरोगी माणसाला त्याची अडचण नाही. परंतु अशक्त व्यक्तीने आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने सूर्योदयानंतर थोडे खाऊन मगच निघावे. उपवासाच्या दिवशी केवळ चालावे. आजारात झिजलेले स्नायू भरून येण्यासाठी डाळी, कडधान्ये, दूध, दही, शेंगदाणे आहारात नेमाने असावेत.

आता आमराईत आमचा मेळा चौदा-पंधरा जणांचा झाला आहे. नियम एवढाच की सर्वांत सावकाश धावणाऱ्याच्या मागे किमान एक जण असावा, आणि ते काम माझे. मागून चालताना जे दिसते ते पुढून धावताना मला कधीच दिसले नव्हते. कोणाचा बूट टाचेला लागतो, कोण लाजेने श्वास दाबून धरतो, कोण उद्या बहुधा येणार नाही. त्या शेवटच्या माणसाला मी त्याच दिवशी दुकानी किंवा घरी जाऊन भेटतो.

वहिनींनी पाचव्या महिन्यात न थांबता पाच किलोमीटर पूर्ण केले. माझा पूर्वीचा वेग परतलेला नाही. दर किलोमीटरला दीड मिनिट अधिक लागते आणि डाव्या कुशीपेक्षा उजव्या कुशीत श्वास थोडा कमी भरतो. डॉक्टर म्हणतात, कदाचित एवढेच राहील.

मुलीच्या होणाऱ्या सासरी आजाराचे खरे नाव मी स्वतः जाऊन सांगून आलो. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि निघताना विचारले, त्यांनाही रक्तदाब आहे, सकाळी आमच्याबरोबर यावे काय? मी म्हणालो, ‘आधी डॉक्टरांना विचारा. मग या. पहिल्या दिवशी आपण दोन खांबांमधलेच अंतर धावू.’