बेशुद्धाची संमती कोण देणार?

खंबाटकी घाटात अपघात होतो; जखमी बेशुद्ध असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, तीत डॉक्टरही असतो. २०१४ पासून महाराष्ट्रात चालू असलेली ही सेवा निःसंशय उपकारक आहे. परंतु जखमीला मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, हे त्या डॉक्टरास सांगणार कोण?

अशा नोंदी हाताशी असाव्यात म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले व नागरिकांस चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक देऊ केला. योजना स्तुत्य आहे. मात्र तिचे कुलूप रुग्णाच्या संमतीने उघडते. जीविताचा धोका असता संमतीवाचूनही माहिती वापरता येईल, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. तेव्हा अडचण आता व्यवस्थेची आहे.

म्हणून सारी कपाटे सताड उघडावीत, असे आम्ही म्हणत नाही. सातारा-सांगलीकडील गावांत क्षयाची वा मनोविकाराची नोंद चव्हाट्यावर आली, तर ठरलेली लग्ने मोडतात. चालू औषधे, न सोसणारी औषधे व जुने गंभीर आजार एवढेच रुग्णवाहिकेत दिसावे. कोणी व केव्हा पाहिले, याचीही नोंद राहावी. वाटेतील उपचारांची माहिती मात्र कऱ्हाडच्या वा मिरजेच्या रुग्णालयात रुग्णाआधी पोहोचावी.

हे ठरविताना रुग्णवाहिकेतील डॉक्टर व चालक यांचे म्हणणे आधी ऐकावे. धावत्या गाडीत एक हात नाडीवर असता दुसऱ्याने किती लिहिता येते, हे मुंबईच्या कचेरीपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक आहे.