दुरुस्तीच्या वेल्डिंगवर सही कोणाची?

शाफ्ट तडकल्याचा फोन हमखास संध्याकाळीच येतो. भोसरी असो, शिरोली असो नाहीतर अंबड, दहा-पंधरा माणसांच्या गाळ्यात हा प्रसंग नेहमीचाच. जॉब टेम्पोतून उतरतो, ‘सकाळी प्लांट चालू करायचाय’ म्हणत गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. जुना वेल्डर भेगेवर ग्राइंडर फिरवतो, 7018 चा रॉड होल्डरला लावतो आणि दोन तासांत जॉब भरून देतो. रन असा देखणा, की बघत राहावं. दोन दिवसांनी जोडाच्या कडेला, मूळ धातूत, नवी भेग दिसते.

वेल्डरचा हात चुकलेला नसतो. शाफ्ट ईएन 8 चा, म्हणजे सुमारे 0.4 टक्के कार्बनचा. थंड जॉबवर रन मारला की जोडालगतचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. त्यात रॉडचं पाकीट आठवडाभर उघडं पडलेलं. दमट रॉडमुळे धातूत शिरलेला हायड्रोजन भेग पाडायला कधी कधी 48 तासही घेतो, त्यामुळे लगेच केलेल्या डीपी टेस्टमध्ये सगळं ठीकच दिसतं. पोलाद कोणतं, जॉब किती तापवायचा, रॉड ओव्हनमध्ये किती वेळ भाजायचे, तपासणी किती तासांनी करायची, हे आधी कोणीतरी ठरवायला हवं होतं. ते काम कोणाचं, असं विचारलं तर मालक सुपरवायझरकडे बघतो आणि सुपरवायझर वेल्डरकडे.

पूर्णवेळ वेल्डिंग इंजिनिअर ठेवा, हा सल्ला देणं सोपं आहे. पण महिन्यातले पंचवीस दिवस गाळ्यात शेड, प्लॅटफॉर्म, टाक्या अशी माइल्ड स्टीलची सरावाची कामं चालतात. त्या दिवसांत इंजिनिअरने करायचं काय? प्रोसीजर सिद्ध करायची तर प्लेटा जोडा, तुकडे कापा, ओढून-वाकवून तपासा, लॅबचं बिल भरा. नव्या कामात हा खर्च अनेक जॉबवर विभागला जातो, दुरुस्ती मात्र एकदाच येते. शिवाय नव्या प्लेटवर सिद्ध झालेली प्रोसीजर वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या जुन्या धातूला जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही. मालकांचं हे म्हणणं रडगाणं म्हणून उडवून लावता येत नाही.

त्यातून जी पळवाट निघते, ती मात्र वाईट. दुसऱ्या कंपनीच्या डब्ल्यूपीएसवर, म्हणजे लेखी वेल्डिंग प्रोसीजरवर, आपलं नाव टाकायचं, पाठीमागे पीक्यूआरचा, म्हणजे ती सिद्ध केल्याच्या चाचणी-नोंदीचा, पत्ता नाही. थर्ड पार्टी इन्स्पेक्टर बघून जातो आणि मालकाला वाटतं, आपली काळजी मिटली. इन्स्पेक्टर झालेलं काम तपासतो. ते कसं करायचं हे ठरवणं त्याच्याकडे नाही.

आणि नियम पाळूनही भागत नाही. शिकागोजवळच्या रोमिओव्हिल इथल्या रिफायनरीत 23 जुलै 1984 रोजी एक उंच प्रेशर व्हेसल फुटलं आणि 17 माणसं गेली. 1974 मध्ये त्याच्या शेलचा एक भाग बदलून जागेवरच वेल्ड केला होता, प्रीहीट न करता आणि नंतरची उष्णता-प्रक्रियाही न करता. पत्रा साधारण 25 मिलिमीटरचा. त्या जाडीला कोडची तशी सक्ती नव्हती. पण आतल्या द्रव-वायूंमुळे धातूत हायड्रोजन शिरत होता आणि वेल्डलगतच्या कडक पट्ट्यातल्या भेगा वाढत गेल्या. तक्त्यात जाडी सापडते, भांड्यात काय भरतात ते सापडत नाही.

आयएसओ 14731 हे मानक वेल्डिंग समन्वयाची कामं सांगतं. ती बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायला त्याची हरकत नाही, जबाबदारी मात्र उत्पादकाचीच. तेव्हा चार-सहा गाळ्यांनी मिळून एक जाणकार इंजिनिअर बांधून घ्यावा, हा आम्हाला त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग वाटतो. (बॉयलर यात धरलेला नाही. 1923 चा कायदा जाऊन 2025 चा आला, तरी त्याच्या दुरुस्तीला सरकारी मंजुरी लागतेच.) अडचण रात्री नऊची आहे: जॉब गाळ्यात आणि इंजिनिअर घरी. त्या वेळी पानभर लिहिलेली कृती हातात असलेला, आणि ‘आज रॉड लागणार नाही’ असं मालकाला तोंडावर सांगू शकणारा सुपरवायझर हवा. हा अधिकार इंजिनिअरच्या मानधनापेक्षा महाग पडतो, कारण मालकाला तो स्वतःच्याच विरुद्ध द्यायचा असतो. तो द्यायचा नसेल, तर इंजिनिअरवर पैसे घालवू नयेत.

मालकहो, उद्या गाळ्यावर गेल्यावर रॉडच्या ओव्हनला हात लावून बघा. गार लागला, तर तो चालू ठेवणं कोणाचं काम आहे ते विचारा, आणि कोण कोणाकडे बघतंय ते पाहा.