जगबुडी आकाशात नाही

खेड शहराच्या कडेने वाहणाऱ्या नदीचे नाव जगबुडी आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरून वाशिष्ठीला मिळणारी ही नदी आषाढात फुगते, सात मीटरांची धोक्याची पातळी ओलांडते आणि तिचे पाणी बाजारपेठेत शिरते. व्यापारी माल माळ्यावर चढवतात, पाणी ओसरले की चिखल उपसतात आणि पुन्हा दुकाने उघडतात. प्रलयाचे नाव धारण करणाऱ्या नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या संसार करणाऱ्या समाजाला जगबुडीचे भय दाखवणे सोपे असू नये. तरीही सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटणार आणि त्या क्षणी पृथ्वीवर हाहाकार माजणार, अशी भाकिते भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचतात. सुशिक्षित माणसेही ती ‘खबरदारी म्हणून’ पुढे धाडतात. हा प्रकार हसून सोडून देण्याजोगा नाही. खोट्या प्रलयाकडे डोळे लावून बसलेल्या समाजाचे खऱ्या संकटाकडे दुर्लक्ष होते, हा त्यातील खरा धोका आहे.

सूर्याचे ध्रुव उलटतात, हे सत्यच आहे. सूर्य हा घन गोळा नसून विद्युत्भारित तप्त वायूचा महासागर आहे. त्याच्या विषुववृत्तावरील भाग सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. ध्रुवांकडील भागाला त्याहून बरेच अधिक दिवस लागतात. या असमान फिरण्यामुळे चुंबकीय रेषांना पीळ पडतो आणि त्यांचे वेढे पृष्ठभागावर उसळतात, तेथे सौरडाग दिसतात. साधारणपणे दर अकरा वर्षांनी डागांची संख्या शिगेला पोहोचते आणि त्याच सुमारास उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या चुंबकीय दिशांची अदलाबदल होते. सौरडाग चुंबकीय असतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले. ध्रुवांची अदलाबदल हॅरॉल्ड आणि होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी १९५७-५८ च्या सुमारास प्रथम टिपली. त्यानंतर ती दर दशकात घडत आली. २०१३-१४ मध्ये घडली, २०२४ च्या सुमारास पुन्हा घडली. ती एका क्षणात होत नाही. दोन्ही ध्रुव एकदम उलटतातच असेही नाही, त्यांत कित्येक महिन्यांचे अंतर पडते. ज्या आजोबांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या हयातीत सूर्याने सहा-सात वेळा अशी कूस बदलली आणि त्यांना त्याची गंधवार्ताही लागली नाही.

मग भय आले कोठून? दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केल्यामुळे. पृथ्वीचेही चुंबकीय ध्रुव उलटतात. परंतु त्याला अकरा वर्षांचे वेळापत्रक नाही. अशी शेवटची अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली आणि या प्रक्रियेला हजारो वर्षे लागतात. याचा पुरावा पाहण्यासाठी खेडकरांना सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. तालुक्यातील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ज्या काळ्या कातळाच्या सह्याद्रीत उभे आहेत, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडला. तो रस थंड होताना त्यातील लोहयुक्त कण त्या काळच्या चुंबकीय दिशेने स्थिरावले. पश्चिम घाटातील थरांचा अभ्यास झाला, तेव्हा खालचे अनेक थर आजच्या उलट दिशा दाखवणारे निघाले आणि वरचे थर आजच्यासारखी. त्यानंतरही पृथ्वीचे ध्रुव शंभराहून अधिक वेळा उलटले. जीवसृष्टी मात्र बहरतच राहिली आणि त्याच काळात पृथ्वीवर मानव अवतरला.

माया संस्कृतीच्या कालगणनेतील एक मोठे चक्र २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण होत होते. पाश्चात्त्य प्रकाशकांनी आणि चित्रपट निर्मात्यांनी त्याला सौरवादळाची व ध्रुवबदलाची फोडणी दिली आणि जगभर आपला माल खपवला. तो दिवस मावळला, दुसरा उजाडला. पैसे मोजणाऱ्यांनी मोजले, घाबरणारे घाबरले आणि विसरलेही.

मात्र पश्चिमेकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत मकर राशीत अष्टग्रही योग आला, तेव्हा आपल्या देशातही प्रलयाचा धसका पसरला होता आणि त्याच्या निवारणासाठी ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. ते तीन दिवस शांतपणे गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे अपुरे बांधलेले धरण फुटून पुणे बुडाले, त्याचा इशारा कोणत्याही ग्रहाने दिला नव्हता. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. अष्टग्रहीचे समर्थन करणारे त्याकडे फळ म्हणून बोट दाखवतात. परंतु तो पराभव मकर राशीने घडवला नव्हता. पुरेसे उबदार कपडेही न देता जवानांना हिमालयात उभे करणाऱ्या आणि शत्रूच्या हेतूंकडे डोळेझाक करणाऱ्या राज्यकर्त्यांनी तो घडवला. आपले दोष ग्रहांच्या माथी मारले की दोषी माणसे सुटतात.

याचा अर्थ सूर्याकडे लक्षच देऊ नये, असा नाही. सूर्यावरील स्फोटांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळे उठतात. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली आणि ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक आधारभूत मानतात. मुंबईत विजेवर धावणाऱ्या ट्राम येणार होत्या, त्यामुळे निरीक्षणांत व्यत्यय येऊ नये म्हणून १९०४ मध्ये कोकणातच अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्यूबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हान्ले येथून आकाशात लाल प्रभा दिसली. धोका असलाच तर तो वीजवाहिन्यांना आणि उपग्रहांना आहे, मनुष्यजातीच्या अस्तित्वाला नाही. त्या धोक्यावर नजर ठेवण्यासाठीच भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य एल-१’ सोडले. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळणाऱ्या या यानावरील एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने घडवली आहे. भयाला अभ्यासाचे उत्तर कसे द्यावे, याचा हा स्वदेशी पाठ आहे.

आपली परंपराही हेच सांगते. प्रत्येक धर्मकार्याच्या संकल्पात यजमान कालाचा उच्चार करतो आणि कलियुगाच्या पहिल्या चरणात उभा असल्याचे सांगतो. पुराणांच्या गणनेप्रमाणे कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचे आणि कल्प ४३२ कोटी वर्षांचा. एवढ्या विशाल कालपटावर विश्वाचा विचार करणाऱ्या समाजाने पुढच्या मंगळवारच्या प्रलयाने गांगरून जावे, हे त्या संकल्पाला शोभणारे नाही. खेडच्या शेजारच्या दापोली तालुक्यातील मुरूड हे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे गाव. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी आपल्या पूर्वजांच्या गणिताचा चिकित्सक इतिहास मांडला. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लेखांतून विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरला. परंपरेचा अभिमान आणि गणिताची कसोटी या दोन गोष्टी कोकणच्या या मातीत एकत्र नांदल्या आहेत.

खरी जगबुडी येते ती पायाखालून. २२ जुलै २०२१ रोजी खेड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. त्याच अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून १७ जणांचा बळी गेला. डोंगरउतारावरची वस्ती, उघडे बोडके झालेले डोंगर, गाळाने उथळ झालेली नदीपात्रे आणि वेळेवर न पोहोचणारा इशारा, ही या प्रलयाची कारणे. ती सारी माणसाच्या हातातली आहेत. पुरानंतर चिखल उपसायला उतरलेल्या स्वयंसेवकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे. प्रलयाचा संदेश आला तर तो आपल्यापाशीच थांबवावा आणि मुलांना सूर्याचे खरे विज्ञान समजावून द्यावे. प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वी आपल्या परिसरातील धोक्याच्या वाड्यांची, वृद्धांची आणि आजाऱ्यांची यादी करावी. दोर, विजेऱ्या, औषधे सज्ज ठेवावीत आणि सुरक्षित स्थलांतराची जागा आधीच ठरवावी. दरडग्रस्त वाड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न शासनदरबारी सुटेपर्यंत लावून धरावा. सूर्य आपले ध्रुव आपल्या नियमाने बदलत राहील. तो आपल्या हातचा नाही. नदीकाठची वाडी वेळेवर रिकामी करणे मात्र आपल्या हातचे आहे, आणि पुढच्या आषाढात आपली परीक्षा तिथेच होणार आहे.